हिरोशिमाची हिरवी मोटार

मोटारीतले मला काय कळते, हे सांगायला फार वेळ लागणार नाही. पेट्रोल कुठे घालतात आणि हॉर्न कुठे दाबतात, एवढे कळते. वीस वर्षे तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून अधिक कळण्याची गरजही पडत नाही. त्यामुळे दिवाळी अंकासाठी मी मोटारीवर लेख लिहायला बसलो आहे, हे पाहून आमच्या कुटुंबाने "त्यापेक्षा शिमल्यावर लिहा की!" असा सल्ला दिला. पण शिमल्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. शिवाय शिमल्याला माझा भाऊ राहत नाही. तो राहतो हिरोशिमाला.

गेल्या मे महिन्यात, परीक्षेचे पेपर तपासून हातावेगळे केल्यावर, मी जपानला गेलो. खरे सांगायचे तर आईने पाठवले. "जाऊन ये एकदा. फोनवर तुम्ही दोघे हवापाण्यापलीकडे काही बोलत नाही, ते मला काय ऐकू येत नाही?" असे ती म्हणाली, आणि गोड्या मसाल्याचा डबा, मेतकूट, लाडू नि चिवडा यांनी माझी बॅग फुगवून ठेवली.

टोकियोहून शिंकान्सेनने चार तासांत हिरोशिमाला पोचलो. स्टेशनावर धाकटे बंधुराज आणि भावजय दोघेही हजर. बाहेर येऊन पाहतो तो एक बुटकी, गडद हिरवी, डोक्यावर कापडी छप्पर घेतलेली मोटार उभी. आत मोजून दोन जागा. मी माझ्या बॅगेकडे पाहिले, मग मोटारीच्या डिकीकडे पाहिले. त्या डिकीत बॅटरी नि जादा चाक आधीच मुक्कामाला होते. उरलेल्या जागेत माझा मेतकुटाचा डबा कसाबसा मावला असता.

"मी ट्रॅमने बॅग घेऊन येते, दादा. तुम्ही बसा," भावजय हसत म्हणाली. तिला याची सवय असावी.

आत बसलो म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसलो. पंगतीत पाटावर बसल्यासारखे वाटले. दिवेलागण झाली होती. भावाने कळ दाबली, तसे पुढच्या पत्र्यातून झोपेतून जागे झाल्यासारखे दोन दिवे टुणकन वर आले. मी दचकलो. तो हसला. कित्येक वर्षांत त्याला असे हसताना मी पाहिले नव्हते.

आता या 'कित्येक वर्षां'विषयी सांगितले पाहिजे.

आमच्या आप्पांकडे एक फियाट होती. प्रीमियर पद्मिनी हे तिचे पाळण्यातले नाव, पण आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणत. १९८६ साली त्यांनी ती जुनी विकत घेतली. जिल्हा परिषदेतल्या हेडक्लार्कने मोटार घेतली म्हणून आळीत चार दिवस चर्चा झाली. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, पुढची सीट सलग बाकासारखी. आप्पांनी तिच्यावर आपले संस्कार केले. डॅशबोर्डवर छोटा पंखा बसवला, काचांना आईच्या जुन्या साडीचे पडदे लावले, टपावर कॅरिअर चढवले आणि गाडी मागे घेताना आरतीची चाल वाजवणारा एक हॉर्न कुठूनसा पैदा केला. रविवारी सकाळी बॉनेट उघडे, आप्पा आत वाकलेले, आणि धाकटा पान्हे देत शेजारी उभा, हे दृश्य ठरलेले. मी माडीवर कादंबरी वाचत असे.

धाकटा २००९ साली नोकरीसाठी जपानला गेला. आप्पा २०११ च्या पावसाळ्यात गेले. तो पोचला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. पुढल्या वर्षी मी ती फियाट भंगारवाल्याला वजनावर दिली. भावाला विचारले नाही. नंतर फोनवर सांगितले, तेव्हा तो "बरं" म्हणाला. दोन वर्षांनी त्याने एका गंजलेल्या हिरव्या मोटारीचा फोटो पाठवला आणि लिहिले की ही मी घेतली आहे, दुरुस्त करणार आहे. मी उत्तर पाठवले, "घरचे भंगार गेले, आता परदेशचे घेतलेस का?" विनोद म्हणून लिहिले, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. त्याचे उत्तर आले नाही. तेव्हापासून आमचे बोलणे हवापाण्यावर आले.

हिरोशिमा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ उभी राहते. ते स्मारक, तो घुमटाचा सांगाडा मी पाहिला; त्याविषयी हलक्या हाताने लिहिणे मला जमणार नाही. पण दुसरी एक गोष्ट सांगतो. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, या शहराने ट्रॅमचा एक टप्पा पुन्हा सुरू केला. त्या दिवशी होरपळलेल्या डब्यांपैकी ६५१ आणि ६५२ क्रमांकांचे डबे दुरुस्त होऊन अजून रुळांवर आहेत. १९४२ साली बांधलेले हे डबे! त्यांतला एक समोरून गेला तेव्हा आत शाळेची पोरे दप्तरे मांडीवर घेऊन बसली होती. "या गावाला दुरुस्तीची विद्या येते," भाऊ म्हणाला. मी मान हलवली.

माझदा कंपनीही याच गावची. १९२० साली ती निघाली तेव्हा बुचे बनवीत असे, बाटलीची असतात ती! पुढे १९३१ पासून तीनचाकी मालमोटारी काढू लागली. आपल्याकडचा जुना तीनचाकी टेम्पो आठवा, त्याच कुळातल्या. शहराच्या मधोमध हिजियामा नावाची टेकडी आहे. तिच्या आडोशामुळे स्फोटाचा पुरता तडाखा कारखान्याला बसला नाही. सरकारी कचेऱ्या नष्ट झालेल्या. तेव्हा प्रांताचा कारभार काही काळ याच कारखान्याच्या इमारतीतून चालला, आणि त्याच डिसेंबरात तीनचाकी गाड्या पुन्हा तयार होऊ लागल्या. कंपनीच्या संग्रहालयात १९६७ सालची 'कॉस्मो स्पोर्ट' पाहिली. तिच्या इंजिनात वरखाली होणारे दट्टे नाहीत. त्रिकोणी चकत्या गरगर फिरतात. ते इंजिन सिद्ध करायला सत्तेचाळीस इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या हाताखाली झटत होते.

मला मात्र नावाचे कौतुक वाटले. संस्थापकांचे आडनाव मात्सुदा, म्हणून 'माझदा', हे एक. पण कंपनी स्वतः सांगते की या नावात अहुर मज्दही आहे. म्हणजे आपल्या मुंबईच्या अग्यारीतला पारशी बांधवांचा देव हिरोशिमाच्या मोटारीवर बसला आहे. भाषेच्या मास्तराला परदेशात असे काही सापडले की तिकिटाचे पैसे वसूल होतात.

भावाची गाडी आहे 'युनोस रोडस्टर', १९९० सालची. परदेशात हिलाच माझदा एमएक्स-५ किंवा मियाटा म्हणतात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. इंग्लंडात पूर्वी दोन सीटांच्या, उघड्या टपाच्या लहान मोटारी निघत. चालवायला मोठी मौज, पण तेल गळायचे, वीज रुसायची. हळूहळू त्या जवळजवळ नाहीशाच झाल्या. तशी मोटार, पण रोज सकाळी बिनतक्रार सुरू होणारी, करून पाहू असे हिरोशिमाच्या मंडळींनी ठरवले. तोशिहिको हिराई हे त्या कामाचे प्रमुख. इंजिन फक्त १.६ लिटरचे, ताकद १२० अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. त्यांचे ब्रीद होते 'जिन्बा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. भीमथडीच्या तट्टांच्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांचा आकडा पुरा झाला. दोन सीटांच्या, उघड्या टपाच्या लहान मोटारीच्या नशिबी एवढी संख्या यापूर्वी आली नव्हती.

भावाची गाडी 'व्ही-स्पेशल' प्रकारातली. गडद हिरवा रंग, आत बदामी कातडे, नार्दी कंपनीचे लाकडी सुकाणूचक्र आणि गिअरला लाकडाचीच मूठ. पहिल्या मालकाने ती कित्येक वर्षे एका झाडाखाली उभी करून ठेवली होती. सीटांच्या मागे छपराचे पाणी वाहून जायला दोन बारीक नळ्या असतात. त्यांत पाने कुजून बसली, पाणी तुंबले, आणि दारांखालचे पोकळ उंबरठे आतून खाऊन गेले. वरून पाहावे तर रंग ठीक. बोट लावावे तर पत्रा पापडासारखा तुटे.

ती जिथे नवी झाली तो कारखाना त्याने मला दाखवला. गावाबाहेर, भातखाचरांच्या कडेला, एका पत्र्याच्या शेडमध्ये एक सत्तरीतले गृहस्थ एकटेच काम करतात. भाऊ त्यांना 'सेन्सेई' म्हणतो, म्हणजे गुरुजी. "हा माझा थोरला भाऊ, हाही सेन्सेई आहे," अशी त्याने माझी ओळख करून दिली, तेव्हा म्हाताऱ्याने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि कमरेतून वाकून मला नमस्कार केला. मीही वाकलो. मग त्यांनी वाकावे, मी वाकावे, असे दोन-तीनदा झाले. व्याकरणाच्या तासाला माझा एवढा मान कधी झालेला मला आठवत नाही.

पाच वर्षे, शनिवार-रविवार, धाकटा या शेडमध्ये त्यांच्या हाताखाली खपला. कुजलेले उंबरठे कापून नवा पत्रा जोडला, आत गंजरोधक मेण भरले. इंजिन उतरवून त्याचा दात्यांचा पट्टा आणि पाण्याचा पंप बदलला. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची मागची काच आणि फाटके छप्पर गेले, नवे आले. यातले काही भाग मिळेनासे झाले होते. पण २०१७ साली माझदानेच जाहीर केले की या पहिल्या पिढीच्या गाड्या आम्ही कारखान्यात पूर्ववत करून देऊ आणि बंद झालेले भाग पुन्हा काढू. छप्पर, ते लाकडी चक्र, मूळच्या मापाचे टायरसुद्धा! आपल्या जुन्या ग्रंथांना असा प्रकाशक मिळता तर! कंपनीकडून सगळी गाडी करून घेणे भावाच्या खिशाला झेपणारे नव्हते. त्याने लागेल तो भाग घेतला आणि घाम स्वतःचा घातला. २०१९ मध्ये मियोशी या गावी रोडस्टरवाल्यांचा तिसावा वाढदिवसाचा मेळा भरला, त्याला तो आपल्या हिरवीला घेऊन गेला होता. लग्नाच्या वऱ्हाडासारख्या रांगा लागल्या होत्या, असे भावजय सांगत होती.

हा छंद स्वस्त नाही. जपानात नव्या मोटारीची तपासणी तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. तिला 'शाकेन' म्हणतात. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांहून जुनी झाली की वार्षिक कर वाढतो. म्हणजे सरकार म्हणते जुनी टाका, नवी घ्या. आणि दुसरीकडे अमेरिकेत पंचवीस वर्षांची झालेली परदेशी गाडी नेण्याची मुभा असल्याने, तिकडचे शौकीन जपानच्या जुन्या गाड्यांवर डोळा ठेवून बसलेले. त्यामुळे भावही चढले.

मूळचे जपावे की आपल्या सोयीचे बदलावे, यावरून या छंदिष्टांत दोन तट आहेत. आपल्याकडे शुद्धलेखनावरून असतात तसेच कडवे. धाकटा आरंभी बदलवाला. त्याने उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या आणि उत्साहाच्या भरात गाडी इतकी खाली आणली की तिचे पोट जमिनीला टेकायला आले. शाकेनचा नियम असा की जमिनीपासून नऊ सेंटिमीटर अंतर हवेच, आणि मूळ उंचीत चार सेंटिमीटरहून जास्त फरक केला तर वेगळी नोंदणी करावी लागते. तपासनिसाने मोजपट्टी लावली आणि अत्यंत नम्रपणे गाडी परत पाठवली. मग सेन्सेईंनी त्याला एक शिस्त घालून दिली. बदल कर, पण परतीची वाट ठेव. नवे भोक पाडायचे नाही, तोडायचे नाही, काढलेला प्रत्येक मूळ भाग कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून, खोक्यात ठेवायचा. "ही गाडी तुझ्यानंतर आणखी कुणाची तरी असणार आहे," म्हातारा म्हणाला.

भावाने हे मला मराठीत सांगितले तेव्हा मला आमचे नाथमहाराज आठवले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलकारांच्या हाती पडून तिच्यात अपपाठ शिरले होते. ते त्यांनी दूर केले आणि पुढे कुणी आपली ओवी तिच्यात घालू नये असे बजावले. स्वतः एवढे थोर कवी, पण त्या प्रतीत स्वतःला कुठे शिरू दिले नाही. मी हे सांगितले, भावाने जपानीत उलथे केले. म्हाताऱ्याने बराच वेळ विचार करून विचारले, "त्यांनी काढलेल्या ओळी खोक्यात ठेवल्या होत्या का?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण वीस वर्षांत विद्यार्थ्याने इतका चांगला प्रश्न मला विचारलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघेच लांब गेलो. छप्पर मागे दुमडले आणि पूर्वेला ओनोमिचीपर्यंत नव्वदेक किलोमीटर आलो. हे डोंगरउतारावरचे बंदराचे गाव. ओझूंच्या १९५३ सालच्या 'टोकियो स्टोरी' या चित्रपटातले म्हातारे आईबाप इथलेच. पुढे शिमानामी काइदो नावाचा मार्ग बेटांवरून पुलापुलांनी समुद्र ओलांडून शिकोकूला जातो. सगळे पूल १९९९ मध्ये पुरे झाले. मे महिन्यात त्या बेटांवर संत्र्या-लिंबांचे बाग फुलतात. उघड्या मोटारीत तो वास येई आणि वळणाला समुद्राचा खारा वारा तो घेऊन जाई. भाऊ गिअर बदलत होता. ती लाकडी मूठ जेमतेम दोन बोटे हाले. आप्पा गिअर बदलताना ओठ दुमडीत, तसे तोही दुमडत होता. ते त्याला माहीत नसावे.

ओमिशिमा बेटावर, तातारा पुलाच्या पायथ्याशी आम्ही थांबलो. पुलाचा मधला गाळा ८९० मीटरचा, तारांनी तोललेला. काही वेळ आम्ही पुलाविषयी बोललो. मग त्याने समुद्राकडे पाहतच विचारले,

"दादा, फियाट विकलीस तेव्हा मला विचारलं का नाहीस?"

बारा वर्षे हा प्रश्न आमच्या दोघांच्या मधल्या सीटवर बसून होता. मी म्हणालो, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"आणि तुला ती दिसत नव्हती रे. तू इकडे होतास. मी रोज सकाळी दार उघडलं की ती समोर. तगरीखाली. टायर बसलेले, खाली कुत्रीची पिल्लं. आप्पांचा पंखा तसाच. मला ती बघवेना. एक दिवस भंगारवाला दारावरून ओरडत गेला, मी त्याला थांबवलं. आरतीचा तो हॉर्नसुद्धा काढून घेतला नाही मी. तू असतास तर एवढं तरी केलं असतंस."

तो काही बोलला नाही. "आणि तो फोटो आला त्यावर मी जे लिहिलं," मी पुढे म्हणालो, "ते लिहायला नको होतं."

"नको होतं," तो म्हणाला. मग उठला, मोटारीकडे गेला आणि सीटमागच्या कप्प्यातून एक लांब, लाल कापडी पाठीची वही घेऊन आला.

ती वही मी पाहताक्षणी ओळखली. फियाटची वही! तारीख, किलोमीटर, पेट्रोल, काम, रुपये, शेरा, असे आप्पांनी रूळ ठेवून आखलेले रकाने. ती मोटारीबरोबरच भंगारात गेली असे मी धरून चाललो होतो. अक्षर मोत्यासारखे, शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच, 'तक्रार नाही.' पंक्चर दोन, वाटेत तीन तास, तरी 'तक्रार नाही.' त्यांच्या हातची शेवटची नोंद २००९ ची, मुंबई विमानतळाची. तिथेच त्यांनी किलोमीटर वाचून लिहिले आणि वही याच्या हातात दिली. "पुढे माझ्याच्यानं लांबचं चालवणं होणार नाही. वही तू ने," म्हणाले होते. त्या नोंदीपुढचा शेराही तोच.

त्याखाली एक ओळ कोरी. आणि मग २०१४ पासून धाकट्याचे अक्षर. उंबरठा डावा, उंबरठा उजवा, पट्टा, पंप, छप्पर, शाकेन नापास, शाकेन पास. रुपयांवर काट मारून येन केलेले. बाकी रकाने तेच, भाषा मराठी. शेऱ्याचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत रिकामा.

"हा का भरला नाहीस?" मी विचारले.

"तो आप्पांचा होता. मला धीर झाला नाही," तो म्हणाला.

परतताना अंधार पडला. ते दिवे पुन्हा टुणकन वर आले. या वेळी मी दचकलो नाही. घरी पोचल्यावर भावजय पिठलं-भात टाकून वाट पाहत होती. हात धुण्याआधी त्याने वही उघडली, तारीख घातली, गाडीतले आकडे लिहिले, 'काम' या रकान्यात 'ओनोमिची, ओमिशिमा. दादा बरोबर' असे लिहिले. मग पेन माझ्याकडे दिले.

गेली वीस वर्षे मी मुलांच्या वह्यांवर शेरे मारीत आलो आहे. त्या रात्री मात्र त्या एका चौकटीपुढे मी चांगला पाच मिनिटे बसून राहिलो. पिठलं निवत होते. शेवटी आप्पांचे अक्षर डोळ्यांसमोर धरून, जमेल तितके सुबक लिहिले:

'तक्रार नाही.'